दाखला होईपर्यंत

गुडघा कसा आहे असं कोणी विचारलं की मी "आता बरा आहे" एवढंच सांगते. ते खरं नाही आणि अगदी खोटंही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरातलं काही लिहायचं म्हटलं की मला आधी भीती वाटते, आपण घरच्यांना नावं ठेवतोय असं तर होणार नाही ना. तसं नाही. मला ज्यांनी चुकीचं सांगितलं ते माझ्यावर माया करणारेच होते. ज्यांच्या घरात अपघात झाला आहे आणि नुकसानभरपाईची केस चालू आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते. जमलं तर हाड जुळायच्या आधी वाचावं.

*

आमचं गाव हायवेवरच्या खांबपासून थोडं आत आहे. भात, आणि भात काढल्यावर त्याच वावरात वाल. मी पेणला कॉलेजात होते आणि हमरापूरला मामाकडे राहायचे. रविवार घरी काढायचा आणि सोमवारी पहाटे नरेशदादाच्या गाडीने परत जायचं, असं ठरलेलं होतं. नरेशदादा माझा चुलत भाऊ. डोलवीला कंपनीत एका ठेकेदाराकडे कामाला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की तो अंधारातच निघायचा आणि डोलवीहून मला पेणच्या गाडीत बसवून द्यायचा.

थंडीत आमच्याकडे नदीवरून धुकं चढतं. बाबांना ते आवडतं, दवावर वालाच्या शेंगा भरतात म्हणून. हायवेला मात्र त्या पहाटे बोनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. दादा गाडी हळूच चालवत होता.

"अशे, काच पूस गो आतून."

मी ओढणीने काच पुसली. "आता दिसतं का?"

"आता तुझी ओढणी तेवढी दिसते."

मी हसले. तेवढ्यात रस्त्यावर झाडाची फांदी दिसली, पानांसकट. गाडी बंद पडली की मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून आमच्याकडे रस्त्यात अशा फांद्या टाकतात. फांदी दिसली की पुढे काहीतरी उभं आहे असं समजायचं आणि गाडी आवरायची. दादाला ते कळलं. पण टाकणाऱ्याने फांदी ट्रेलरच्या अगदी मागेच टाकली होती. ट्रेलरला मागे दिवा नव्हता. दादाने गाडी वळवली आणि माझी बाजू ट्रेलरखाली गेली.

आवाज मला आठवत नाही. नंतरची शांतता आठवते. काच फुटली होती आणि धुकं गाडीच्या आत येत होतं. दादा माझं नाव घेत होता आणि मला वाटत होतं, हा कोणाला एवढ्या लांब हाका मारतोय.

*

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि बाबांना जवळ बोलावलं. मांडीचं हाड खाली गुडघ्याच्या सांध्यापर्यंत फुटलं होतं. बाबांनी नीट बघितलं आणि विचारलं, "परीक्षा आहे तिची, तोवर होईल ना?" डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "आधी ऑपरेशन करू." त्या उत्तरात परीक्षेचं काही नव्हतं, हे मला पलंगावरूनही कळलं.

धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हाड जोडलं. वॉर्डातले दिवस एकमेकांसारखेच होते. सकाळी सिस्टर ताप बघायच्या, मग राऊंड, मग मामीचा डबा. मला सगळ्यात जास्त लाज पॉटची वाटायची. लघवीला होऊ नये म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं होतं. ते वॉर्डातल्या मावशींच्या लक्षात आलं.

"लाजतेस कोणाला गो? मला? माझ्या हातून इथं सरपंच पण गेलेत." त्यांनी चादर आडवी धरली, तोंड भिंतीकडे केलं आणि शेजारच्या बाईशी सुक्या जवळ्याच्या भावावर बोलत राहिल्या, माझं होईपर्यंत. ते उपकार मी विसरणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हाड जोडायचं काम माझं होतं, ते झालं. गुडघा वाकवायचं काम तुझं. इथल्या फिजिओ मॅडम शिकवतील. रोज करायचं. रडलीस तरी चालेल, थांबायचं नाही."

फिजिओ मॅडमनी त्याच दिवशी पहिल्यांदा वाकवून घेतला. मी वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडले. दारात मामा उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

*

माझा मामा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. हात जराही हलता कामा नये असं ते काम. त्याने मला स्वतःच्या मुलीसारखं ठेवलं होतं, आणि मी त्याच्याकडेच यायला निघाले असताना हे झालं, याचं त्याने मनाला लावून घेतलं होतं. केसचं सगळं त्यानेच अंगावर घेतलं. रोह्याचे वकील त्यानेच बघितले. ट्रेलरच्या विमा कंपनीवर दावा लावायचा, त्यासाठी पाय कायमचा किती अधू झाला याचा डॉक्टरांचा दाखला लागेल, हे वकिलांकडून तोच ऐकून आला.

मी घरी आले त्या संध्याकाळी तो माझ्या पलंगाशी बसला. आई चुलीजवळ, बाबा उंबऱ्यावर.

"आमच्या कारखान्यात एक होता," मामा म्हणाला. "टेम्पोने उडवला. तो शाना तपासणीला चालत गेला. तुरूतुरू. डॉक्टर बोलला, हा तर चालतोय. केस गेली त्याची. पुढे पाय असा दुखला की काम सुटलं. ना पाय, ना भरपाई."

"मग काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"दाखला होईपर्यंत पाय वाकवायचा नाय. खाली टेकवायचा पण नाय."

"डॉक्टरनी रोज वाकवायला सांगितलंय," मी म्हणाले.

"डॉक्टर त्याच्या ठिकाणी बरोबर हाय. पण तू सांग, हाड म्हणजे काय गो? शाडूच ना. ओल्या मूर्तीला हात लावला तर तडा लगेच दिसत नाय, रंगाच्या वेळेला दिसतो. मी एवढी वर्षं बघतोय. सुकू दे आधी. दाखला होऊ दे. मग काय नाचायचं ते नाच."

आईने माझ्याकडे बघितलं. मी पाय उशीवर तसाच सरळ ठेवला. मामाचं मला पटलं होतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकवायचा नव्हता, ओरडायचं नव्हतं, एवढंच तेव्हा मला ऐकू आलं. अशा दुखण्यात जो "राहू दे" म्हणतो तोच आपला वाटतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्याही घरात कोणीतरी ते म्हणेल.

*

मग सगळ्या वाडीनेच माझा पाय सांभाळायला घेतला.

मला परसात न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघं उचलायचे. अंगणात ऊन घ्यायला आणायचं तरी खुर्ची. काशीकाकू शेजारच्या, त्यांच्या हाताला सतत काही ना काही काम असायचं, पण मी पलंगावरून पाय खाली सोडला की त्या कुठूनही ओरडायच्या, "वर घे, वर घे. नुकसान करून घेशील सोन्यासारख्या केसचं." दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा बाबांनी फोनवर "आराम हाय तिला" असं सांगितलं. पेणला गेलं तर मॅडम वाकवून घेणार, आणि चालताना कोणी बघितलं तर काय, म्हणून गेलोच नाही. एकदा मला खुर्चीतूनच रोह्याला नेऊन एक्स-रे काढला आणि तो घेऊन मामा एकटाच डॉक्टरांना भेटून आला. हाड छान जुळतंय म्हणाले, असं त्याने सांगितलं. ते खरंच होतं. हाड छान जुळत होतं.

एक दिवस वाडीच्या तोंडाशी मोटरसायकलवरून एक माणूस आला. हेल्मेट न काढताच त्याने दुकानात विचारलं, अपघात झालेली मुलगी कुठे राहते, कॉलेजला जाते का. तो कोण होता ते आम्हाला आजही माहीत नाही. विमा कंपनीचा माणूस म्हणून सगळ्यांनी धरलं. तो आमच्या घरापर्यंत आलाच नाही. काशीकाकूंनी त्याला वाटेतच गाठलं होतं.

"असं सांगितलं मी त्याला," त्या आईला सांगत होत्या, आणि मी आतून ऐकत होते. "बोलली, कसली चालते बाबा? आयुष्यातून उठली पोरगी. आता आयबापानं जन्मभर उचलायची. तो पण हळहळला गो."

आई हसली. मीपण हसले. त्या दिवसापासून आमचं पुढचं दार दिवसाही लोटलेलं राहू लागलं. घरात दुपारीही संध्याकाळसारखं वाटायचं. कोणतीही मोटरसायकल थांबली की आई हातातलं टाकून माझ्या पलंगाकडे बघायची. मी झोपलेली असले तरी पाय आणखी सरळ करायचे.

*

दुपारी सगळे वावरात असायचे तेव्हा मी कधीतरी बघायचे, वाकतोय का. चादरीवर मोठमोठी फुलं होती. टाच ओढत आणली की आधी ती पिवळ्या फुलापर्यंत यायची. मग काही दिवसांनी पिवळ्या फुलाच्या कडेपर्यंत. मग पायथ्याकडच्या लाल फुलापाशीच थांबायला लागली. दुखत होतं म्हणून थांबत नव्हती. दुखणं हळूहळू कमीच होत होतं. टाच नुसती थांबायची.

मी स्वतःला सांगितलं, थंडीने आखडलाय. आईलाही तसंच सांगितलं. तिने तेल कोमट करून लावलं. लावताना तिचा अंगठा वाटीच्या बाजूला एका जागी थांबला.

"इथं कडक काय लागतं गो?"

"पट्टी असेल आतली."

"पट्टी वर हाय ना?"

मी म्हणाले, मला काय माहीत. तिने तेल लावणं पूर्ण केलं. त्या दिवसापासून माझ्या पायाकडे बघायची तिची पद्धत बदलली. घरातल्या माणसाकडे तसं कोणी बघत नाही.

वाल काढून झाले. थंडी गेली, घामाने चादर भिजायला लागली. गुडघा तसाच होता.

त्याच सुमारास वाडीत एक लग्न होतं. हळदीला मला खुर्चीतच नेलं. गाणी चालली होती, बायका खुर्चीभोवती नाचल्या, मलाही हळद लावली, मला बरं वाटलं. मग मागे दोघी बोलत होत्या. एक पाहुणी होती, दुसरी काशीकाकू.

"हीच का ती?"

"व्हय. हुशार होती गो फार."

तिथे विम्याचा कोणी माणूस नव्हता. केसचा काही विषय नव्हता. काशीकाकू ते कोणाला फसवायला बोलत नव्हत्या. त्यांना आता तसंच वाटत होतं. मी मांडीवर हात ठेवून पाय दाबून बघितला, सगळ्यांसमोर. कोणाचं लक्ष नव्हतं. पाय खुर्चीवरून खाली वाकलाच नाही, पुढेच निघून राहिला, लाकडी फळीसारखा.

*

दाखल्याच्या तपासणीची तारीख आली. आदल्या संध्याकाळी मामा मुद्दाम मुक्कामाला आला. त्याने मला शिकवलं, डॉक्टरांनी वाकव म्हटलं की थोडा वाकवायचा आणि मग आई गं म्हणून थांबायचं. किती थोडा, ते त्याने स्वतःचा पाय वाकवून दाखवलं. "एवढाच. पुढे जाऊ द्यायचा नाय."

मी हो म्हणाले. मनात मात्र मी वेगळंच ठरवलं होतं. खोटं बोलायचं नाही, असं मोठं काही नाही. मला फक्त कोणीतरी खरं सांगायला हवं होतं. म्हटलं, डॉक्टरांसमोर जोर लावून पूर्ण वाकवायचा. केस गेली तर गेली. मामाला नंतर समजावू. उद्यापासून खुर्ची बंद.

जिल्ह्याच्या गावी तपासणी होती. खोलीत मी, मामा आणि वयस्कर डॉक्टर. ते शांतपणे बोलत होते.

"जेवढा वाकेल तेवढा वाकव बाळा. घाई नाही."

मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि सगळा जोर लावला. इतक्या महिन्यांत लावला नव्हता तेवढा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मांडी थरथरली. पाय वाकला आणि थांबला. मामाने काल दाखवलं होतं, बरोबर त्याच जागी.

"अजून," डॉक्टर म्हणाले.

मी अजून लावला. मग त्यांनी स्वतः नडगीवर हात ठेवून हळूच दाबलं. मग जोरात दाबलं. भिंतीला लागल्यासारखा पाय तिथेच होता. त्यांनी हात काढला, एक्स-रे पुन्हा बघितला, माझा चेहरा बघितला.

"ऑपरेशन तर उत्तम झालंय. मग हा असा कसा झाला? फिजिओथेरपी कुठे घेतली?"

मी मामाकडे बघितलं. मामा डॉक्टरांच्या पाठीमागे उभा होता. माझी नजर मिळाल्यावर त्याने मान किंचित हलवली, आखणी मनासारखी झाली की तो हलवतो तशी.

बाहेर बाकावर आल्यावर तो माझ्या कानाशी वाकला. "काय केलंस गो. मलापण खरं वाटलं क्षणभर. पाणी कसं काढलंस डोळ्यातून?"

"मामा, मी काय केलं नाय."

"म्हणजे?"

"मी पूर्ण वाकवत होते."

तो हसत होता तसाच थोडा वेळ राहिला. मग माझ्या पायाशी खाली बसला, माणसांच्या गर्दीत, आणि दोन्ही हातांनी माझी नडगी धरून मागे ढकलायला लागला. हळू नाही. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मी म्हणाले, मामा राहू दे. त्याला ऐकू गेलं नसावं.

*

दाखला झाला. तो खरा आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही.

रोह्याला वकिलांना दाखवायला गेलो तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांच्याशी स्वतः बोलले. तोवर मला वाटायचं, वकिलांशी मोठ्यांनी बोलायचं असतं. मी विचारलं, दाखला होईपर्यंत पाय वाकवू नये असं कायद्यात आहे का.

"असं कोणी सांगितलं तुला?"

मामा नखातला रंग कोरत बसला होता. मी कोणाचं नाव घेतलं नाही.

त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण त्यासाठीच एवढं लिहिलं. दाखला उपचार पूर्ण झाल्यावरच घ्यायचा असतो. उपचार पूर्ण करून जे अधूपण उरेल ते मोजतात. उपचारांचा, व्यायामाचा, येण्याजाण्याचा खर्चही दाव्यात मागता येतो. आणि उपचार घेतलेच नाहीत तर समोरचा वकील उलटतपासणीत नेमकं तेच विचारतो, की हा पाय आमच्या ट्रेलरने घालवला की तुमच्या घरच्यांनी.

"मग मी काय सांगू तेव्हा?"

"जे झालं ते," वकील म्हणाले. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

उलटतपासणी अजून व्हायची आहे. कोर्टाची तारीख पुढे जाते तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटतं, मलापण. त्या पिंजऱ्यात उभं राहून मला कोणाचं नाव घ्यावं लागेल ते आम्हाला माहीत आहे. मामा हल्ली त्याबद्दल एकच वाक्य बोलतो, "माझं घे. सरळ घे."

*

आता मी पुन्हा पेणला असते आणि दवाखान्यात फिजिओ मॅडमकडे जाते. पहिल्या दिवशी त्या रागावतील म्हणून मी घाबरले होते. त्यांनी फक्त गुडघा हातात घेतला आणि "उशीर केलास गं" म्हणाल्या. सांधा आत चिकटला आहे. यातून किती सुटेल ते त्या सांगत नाहीत. कदाचित दुसरं ऑपरेशन लागेल, तेव्हाही सगळा सुटेल असं नाही. मांडी घालून बसता येईल का असं मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात गुडघा आतून कडकन वाजला आणि थोडा पुढे गेला. बोटभर असेल. मॅडमनी दोनदा मोजलं. मी तिथून कोणाला फोन केला नाही, घरी गेल्यावर सांगायचं ठरवलं.

बाबा ओटीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, बसले आणि पाय वाकवून दाखवला. नव्या जागेपर्यंत गेला. त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा उजळलेला मला स्पष्ट दिसला. मग त्यांची नजर रस्त्याकडे गेली आणि ते हळू आवाजात म्हणाले,

"कोणी बघितलं नाय ना?"

बोलल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला, आई तेल लावताना जिथे थांबली होती तिथेच.

"परत वाकव," ते म्हणाले.